गप्प न झालेला पंप

नाशिक, सोमवार, १४ नोव्हेंबर १९८३

संध्याकाळी गॅरेजात विनायकने दोन पेट्रोल पंप माझ्यापुढे ठेवले. एक साधा, इंजिनावर चालणारा. दुसरा बॅटरीवरचा. "अण्णा, शर्यतीच्या गाडीला कुठला लावू?"

विचारायचं काय त्यात? पाव मैल सुसाट पळवायची तर साधा पंप पुरत नाही, शेवटी इंजिन उपाशी राहतं. हे मीच त्याला शिकवलंय. तरी मी साधा पंप उचलून निरखत बसलो.

त्याने बॅटरीचा पंप जोडून दाखवला. टकटक, टकटक. कार्बोरेटर भरला आणि पंप गप्प झाला. "तो गप्प झाला की मगच सेल्फ मारायचा," असं अरविंद म्हणायचा. विनायकचा थोरला भाऊ. आमच्या गॅरेजात अजून सगळे तसंच करतात.

शर्यतीत अरविंदची गाडी उलटली तेव्हा इंजिन लगेच बंद पडलं. पण टकटक चालूच. पाइप तुटलेला, पेट्रोल बाहेर सांडत होतं, मग पंप गप्प कसा होणार? मी पळत होतो आणि ती टकटक ऐकत होतो. मग भडका उडाला, अरविंद आतच राहिला. साधा पंप असता तर इंजिनाबरोबरच थांबला असता.

विनायक हळूच म्हणाला, "अण्णा, दादाचा पंप त्या दिवशी किती वेळ चालू होता?"

इतक्या वर्षांत कुणी हे विचारलं नव्हतं.

"लगेच थांबला," मी म्हटलं, आणि साधा पंप त्याच्याकडे सरकवला.

त्याने तो उचलला नाही. "मग हा कशाला?"