डाउनचं जाकीट

दौंड,
१ फेब्रुवारी

ती. शंकरमामांस,

चांगदेवचा सविनय जयभीम. तुमचा गुडघा आणि पार्वतीमामींचा दमा यांपैकी या थंडीत कोण जास्त कुरकुरतंय ते कळवावं. शिरूरला नदीकडून येणारा वारा वाईट; संध्याकाळी ओट्यावर बसू नये, ही विनंती. (तुम्ही बसणारच, पण लिहिणं माझं काम.) माझ्या उजव्या पायाची दोन बोटं अजून बधिर आहेत. डॉक्टर म्हणतात, येतील जाग्यावर. कधी ते सांगत नाहीत. बाकी बरं म्हणायचं.

परवा तुम्ही फोनवर विचारलंत, "पोरगी म्हैना झाला माझा फोन उचलंना. माझं काय चुकलं का रं, चांगदेवा?" मी म्हणालो, परीक्षा आहे. परीक्षा नव्हती. (त्या दिवशीच्या डायरीत नोंद आहे: ‘मामांशी खोटं बोललो. सायंकाळी सात.’) तिची आई माया गेल्यावर प्राची चार वर्षं तुमच्या घरात वाढली, मामींच्या हातचं खाऊन बारावी झाली, तुम्हाला आबा म्हणायला लागली, आणि आता घरात तुमचं नाव निघालं की ती उठून स्वयंपाकघरात जाते. याच्या मुळाशी एक जाकीट आहे. कोणावर अन्याय होऊ नये म्हणून सगळं क्रमानं लिहितो.

डिसेंबरात आम्ही बापलेक उत्तराखंडात बर्फाचं शिखर चढायला गेलो, ते तुम्हाला माहीत आहेच. प्राचीनं त्यासाठी वर्षभर सॅकमध्ये विटा भरून मैदानाला फेऱ्या मारल्या होत्या. मी गेलो, कारण तिला एकटीला कसं पाठवायचं. (एकटी नव्हतीच, आणखी अकरा जण होते. आणि मला यायला कोणी सांगितलं नव्हतं. हे मला आता दिसतं.) सामानाची छापील यादी आली: अपर तीन, लोअर दोन, लोकरी मोजे चार जोड, माकडटोपी, आणि डाउन जाकीट एक. कुरकुंभच्या कंपनीत प्रयोगशाळेत मी एकवीस वर्षं काढली. यादीतली वस्तू चुकवणं माझ्या स्वभावात नाही. सगळं जसंच्या तसं आणलं. फक्त अर्थ लावताना मी दौंडकरासारखा लावला. तुम्ही रेल्वेचे गार्ड, मी तुमच्याच क्वार्टरमध्ये वाढलेला. पुण्याकडे जाते ती अप आणि सोलापूरकडे जाते ती डाउन, हे मला बाराखडीच्या आधी आलं. तेव्हा अपर ते चढताना घालायचे आणि डाउन जाकीट उतरताना, यात मला शंका वाटली नाही. उलट यादी करणाऱ्याचं कौतुक वाटलं. तरी खात्रीसाठी तुम्हाला फोन केला होता. तुमचे शब्द डायरीत आहेत: "डाउन? आरं, डाउन मला चांगलं ठावं हाय." पस्तीस वर्षं झेंडी दाखवलेला माणूस असं म्हणाल्यावर मी आणखी कोणाला विचारायचं? तुम्हीच शिकवल्याप्रमाणे शेवटच्या स्टेशनाचं सामान सगळ्यात आधी डब्यात, म्हणून जाकीट सॅकच्या तळाशी घातलं आणि वर बाकीचं.

पुढं रोज मुक्कामाला प्राची विचारायची, "बाबा, जाकीट का नाही घालत?" मी म्हणायचो, त्याची वेळ आली की घालीन. तिला वाटलं, नवं मळेल म्हणून मी जपतोय. (मी दिवाळीचा शर्ट संक्रांतीला घालणारा माणूस, तिचं चुकलं नाही.) शिखराच्या पहाटे बाकीच्यांनी सॅक तंबूत ठेवल्या. मी मात्र पाठीवर घेतली, उतरताना लागणार म्हणून. अंगात तीन अपर होते. दोन तासांत माझे दात असे वाजायला लागले की मला माझंच बोलणं ऐकू येईना. आमचा लीडर तिकडचा पहाडी मुलगा, फार सज्जन. तो माझा चेहरा बघून घाबरला आणि म्हणाला, "सर, आपका डाउन किधर है?" मी हात लांब करून खाली दरी दाखवली. तो म्हणाला, "नीचे जाना है? ठीक है सर, कोई बात नहीं." आजारी माणसाला घरच्या माणसानं खाली न्यायचं, असा त्यांचा नियम. शिखर समोर दिसत होतं, मामा. तासाभराचं. प्राचीनं एकदा तिकडं पाहिलं, स्वतःचं जाकीट काढून मला घातलं आणि माझा दंड धरून वळली.

वीसेक पावलं उतरल्यावर मी म्हणालो, थांब. सॅक उपसली, तळातून माझं जाकीट काढलं आणि तिचं तिला परत केलं.

"बाबा, हे सॅकमध्ये होतं?"

"होतं की. पण आत्ता डाउनला लागलो ना आपण."

ती बर्फात मटकन बसली. मी घाबरून म्हणालो, "शंकरमामांनी सांगितलं तसंच केलं." ती म्हणाली, "आबांनी?" दौंड येईपर्यंत तेवढंच बोलली. डाउन म्हणजे जाकिटात भरलेली बदकाची मऊ पिसं, हे मला परतीच्या गाडीत कळलं. हसू आलं नाही.

तुमच्यावर माझा राग नाही, हे सांगायला हे पत्र. वयानुसार होतं असं. मामींना जयभीम.

तुमचा भाचा,
चांगदेव

ता. क. पत्र संपवून डायरी पुन्हा उघडली. तुमचं वाक्य मी अर्धंच लिहिलंय. पुढचं असं: "…पण त्ये गाडीतलं. जाकिटातलं मला काय ठावं? दुकानात इचार." दुकानातला पोरगा घाईत होता आणि मला अडाणी दिसायचं नव्हतं, म्हणून विचारलं नाही. वयाबद्दल लिहिलं ते खोडणार होतो. राहू दिलं, कारण मी तसं लिहिलं हे खरं आहे. चूक सगळी माझी. बर्फात तुमच्यावर ढकलली आणि महिनाभर तशीच राहू दिली, कारण तिचा राग तुमच्यावर होता तोवर ती माझ्याशी बोलत होती.

ता. क. २. हे पत्र टपालानं पाठवत नाही. प्राची उद्या कॉलेजच्या कामाला शिरूरला येतेय, तिच्या हाती देतोय. पाकीट चिकटवलेलं नाही. तिनं वाचलं असलं, तर आत येऊन बसेल; काही विचारू नका, जेवू घाला. नसलं वाचलं, तर दारातूनच देऊन वळेल. तसं झालं तर तिला हाक मारा, चष्मा सापडत नाही म्हणा आणि पत्र तिलाच मोठ्यानं वाचायला लावा. (एवढं आज रात्री फोनवरही सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही इथवर वाचेपर्यंत ती गेलेली असेल.) माझ्यासाठी एवढं एक खोटं बोला, मामा. माझ्यानं समोर बसून खरं बोलवत नाही.