आईच्या पाठीचा टीबी

बाबा, आईच्या पाठीवरून मला तुमच्याशी भांडायचंय. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी राग गेलेला नाही.

तुम्ही स्वतः डॉक्टर. अमेरिकेतल्या आपल्या श्रूजबरीच्या घरात आई ओट्याला पोट टेकून पोळ्या लाटायची. चमचा खाली पडला तर कमरेत वाकायची नाही, गुडघ्यांवर हात ठेवून ताठ खाली बसायची. संध्याकाळी अंगात कणकण, ब्लाउज सैल झालेले. आणि तुम्ही पेपरातून मान वर न करता म्हणायचात, "बर्फ उपसलास ना, म्हणून दुखतंय. गोळी घे." दुसऱ्या कुणाची बायको असती तर त्याच दिवशी एक्स-रेला पाठवली असतीत.

मग एका सकाळी तिचे पाय उचलेनात. मी कॉलेजातून धावत हॉस्पिटलात आले. तिथल्या डॉक्टरने तिच्या पाठीच्या स्कॅनचा फोटो दाखवला : दोन मणके पोखरलेले, शेजारी पू साठलेला. कॅन्सर असेल किंवा इन्फेक्शन, तो म्हणाला, आणि विचारलं, घरात कुणाला टीबी होता का? तुम्ही म्हणालात, "नो."

नो? नागपूरला मामा टीबीने गेला, आईनेच त्याचं सगळं केलं, हे तुम्हाला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. छातीत शिरलेले जंतू वर्षानुवर्षं गप्प राहतात आणि रक्तातून मणक्यात जाऊन बसतात, हे मी तुम्हाला सांगायचं? पण डॉक्टरच्या घरात टीबी म्हटल्यावर आपली मंडळी काय म्हणतील!

शेवटी आईच पलंगावरून बोलली. "माय ब्रदर. टीबी. आय वॉश हिज क्लोद्स." डॉक्टर तिच्याकडे वळला. तुम्ही दात आवळून म्हणालात, "तू गप्प बस."

"आजवर गप्पच होते," ती म्हणाली. "पाय माझे निकामी होत चाललेत."

सुईने काढलेल्या पुवात टीबीच निघाला. ऑपरेशन झालं, मग कितीतरी महिने गोळ्या. ती पुन्हा चालली, पण पाठीला बाक आला तो राहिलाच. तुम्ही मात्र सगळ्यांना सांगत सुटलात, "शी हॅड अ फॉल." तुम्ही गेलात तेव्हा भेटायला आलेल्या एका काकूंनी तिला विचारलंच, कशी गं पडली होतीस? आई शांतपणे म्हणाली, "पडले नव्हते. टीबी झाला होता." काकूंनी तिचा हात धरला आणि चहा ठेवायला उठल्या. बस, एवढंच झालं. एवढ्याला तुम्ही घाबरलात, बाबा!

हे पाठवणार तरी कुठे? निदान कागदावर एकदा तुम्हाला अरे-तुरे करावं म्हणून बसले होते. तेही जमलं नाही.