गट नंबर ११२ ची माती

तीर्थस्वरूप कडुबादादांस,

गारखेड्याहून धाकट्या पुंजारामचा दंडवत. तुमचा उजवा गुडघा (मागच्या पत्रात डावा लिहिलाय, ती चूक तुमची) आता कसा आहे? वहिनींची गाय व्याली का? आम्ही इकडं ठणठणीत. फक्त मी जरा हिरमुसलोय, त्याची हकीकत सांगतो.

प्रादेशिक योजनेच्या कच्च्या नकाशात चितेगावकडच्या आपल्या आठ एकरांवर जांभळा रंग फासलाय, हे तुम्हाला ठाऊकच आहे. जांभळा म्हणजे कारखाने. तो पक्का झाला की तुमची तूर, गोठा, सगळं संपलं. म्हणून मी हरकत दाखल केली. चौदा पानी, स्वहस्ते. शिक्षण नववी असलं तरी मातीवरची सरकारी पुस्तकं मी दोनदा वाचलीत (एका पुस्तकातली चूक त्यांना कळवलीही; उत्तर नाही). नकाशात आपली विहीर सतरा फूट पूर्वेला सरकवलीय, तेही नमूद केलं. शिवाय सुनावणीत दाखवायला गटाच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून, बरोबर एक वीत खोलीवरची माती काढली, चाळली, अडीच किलो तोलून कापडी पिशवीत भरली, वर चिठ्ठी लावली आणि देव्हाऱ्याजवळ ठेवली. इथंच माती खाल्ली.

घटस्थापनेच्या तोंडावर देवाजवळ आयती काळी माती दिसल्यावर तुमच्या भावजयीनं, दगडाबाईनं, काय समजावं? तिनं ती घटात घातली, धान्य पेरलं, आणि पिशवी रिकामी दिसली की मी घर डोक्यावर घेईन म्हणून समोरच्या बांधकामावरचा मुरूम भरून ठेवला. तोही अडीच किलो, तोलून. (घटाच्या कोंबांचं मी रोज कौतुक करत होतो, हे इथंच कबूल करतो.)

परवा, सातव्या माळेला, सुनावणी झाली. मराठवाड्यात याहून कसदार माती दाखवा, असं म्हणून मी अधिकारी सुलेखा मॅडमच्या टेबलावर पिशवी उलटी केली. मुरूम, खडी आणि बाथरूमच्या फरशीचा निळा तुकडा! मॅडम म्हणाल्या, "काका, इथं कारखानाच बरा की." मागची माणसं लई हसली. मी तिथूनच घरी फोन लावला. गडबडीत स्पीकर चालू झाला.

"ती व्हय? ती घटात घातली की!" दगडाबाई ओरडली. "वीतभर गहू आलाय, बघायला सगळी बिल्डिंग लोटलीय. अन् तुम्ही मुरूम घेऊन गेलात? मोठे शास्त्रज्ञ! घट मात्र दसऱ्यापर्यंत हलवायचा नाय हं!"

मॅडम हळूच म्हणाल्या, "माझा तर दोनच बोटं आलाय." आणि कागदावर लिहिलं : मंगळवारी सकाळी अकराला प्रत्यक्ष पाहणी. म्हणजे अर्धी लढाई आपण (मी) जिंकली.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा धाकटा,
पुंजाराम

ता. क. : मॅडम विहिरीकडून येतील. तिथला जो खड्डा वीटभट्टीवाल्यांनी पाडला म्हणून तुम्ही वर्षभर काठी घेऊन राखण करताय, त्यातली दोन ट्रॉल्या माती माझ्या गच्चीवर आहे. अभ्यासासाठी नेली होती (म्हणूनच दगडाबाईला तिला हात लावू देत नाही). रविवारी परत आणतो. तुम्ही फावडं घेऊन या आणि वहिनींना तेवढं माहेरी पाठवा.

आणखी एक : त्या मातीत सध्या वांगी लागलीत, ती तशीच येतील. मॅडमनी विचारलं तर भलतंसलतं सांगू नका, वांगीच म्हणा. तपशिलातली चूक मला खपत नाही.