सरकलेल्या छापाचा रुपया

महाड

प्रिय सदू,

तुझा फोन आल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. बाबांचा तो वाकडा छापलेला रुपया मी दडवून ठेवलाय, असं म्हणालास. अरे, मला कपाळावर चढवलेला चष्मा सापडत नाही, रुपया कुठला दडवते! तरी दोन दिवस ट्रंका, डबे सगळं उपसलं. नाही मिळाला.

मग पोलादपूरला हैबती मास्तरांकडे गेले. ते जुनी नाणी जमवतात. त्यांचं ऐकून आणखीच गोंधळले. म्हणे नाणं धड असेल तर रुपयाचा रुपयाच. पण टांकसाळीतच छाप सरकला असेल आणि साल वाचता येत असेल, तर हौशी लोक हजारसुद्धा मोजतात. तेच घरी हातोडी मारून वाकडं केलं, तर कुणी हुंगत नाही. चिंचेने घासलं, डिंकाने चिकटवलं, तरी भाव उतरतो. तीस वर्षं मी पोरांच्या चुकांवर लाल रेघा मारल्या, आणि आता चुकीलाच भाव!

आठवतं ना, बाबा आंबेनळीच्या गाडीवर कंडक्टर असताना तो त्यांच्या बॅगेत आला? सिंह एका कडेला ढकललेले, दुसरी कड कोरी. दुकानदार खोटा म्हणून परत करायचे. बाबांनी खिशातला चांगला रुपया बॅगेत टाकला आणि हा शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला. "टांकसाळवाल्यालापन डुलकी लागते रे," म्हणून हसायचे. मग तुझं लग्न आलं. बाबांनी शिवथरच्या पाहुण्यांना शब्द दिलेला, आणि तू मुंबईत परस्पर सेजलशी ठरवून मोकळा. बाबा लग्नाला आले नाहीत. तूही त्यांच्या आजारपणात दोन तास बसून परत गेलास. तुमच्या दोघांच्या हट्टात माझंच भरीत झालं.

मास्तर डिंकाचं बोलले आणि मला एकदम आठवलं. तुझ्या लग्नाला निघताना बाबांनी माझ्या हातात एक पाकीट दिलं होतं. आत शंभराची नोट, वर डिंकाने चिकटवलेला रुपया, नाव नाही. "कुनाचं हाय ते सांगू नको गो," एवढंच बोलले. घाईत मी रुपया नीट बघितलाही नाही, बाकीच्या पाकिटांत टाकून दिला. पण त्यानंतर त्यांच्या खिशात तो वाकडा रुपया मला कधी दिसला नाही. आता कळेनासं झालंय. लग्न चुकलं हे सुनावायला तो रुपया दिला, की होता त्यातला सगळ्यात आवडता दिला? तेव्हा त्या रुपयाला कुणी कटिंग चहासुद्धा देत नव्हतं. सकाळी एक वाटतं, दुपारी दुसरं.

हे पत्र रुपयासाठी नाही. तू तो सोलून एखाद्या पानवाल्याला दिला असशील, तर असू दे. पण सव्वीस वर्षं तू म्हणतोस, बाबांनी माझ्या लग्नाला साधा आहेरही केला नाही. मी दिलेला शब्द पाळत गप्प बसले. बाबा गेल्यावर तरी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, ही चूक माझी, आणि तिची मला लाज वाटते. बाबांचा आहेर तुला पोचला होता, सदू. मी माझ्या हाताने आणला होता. सेजललाही सांग.

तुझीच,
तुळसाताई