थोरल्यांचा नकार

उत्तमदादा,

ही चिठ्ठी तुमाला द्यायची हिंमत न्हाई.

अपघातानंतर डॉक्टर म्हणाले होते, "तुमच्या नवऱ्याचा मेंदू मेलाय, पण हृदय चांगलंय. आधी दुसऱ्याला बसवायला हृदय इतक्या लांबून नेत नव्हते, आता नेतात. दान देता का?" तुमाला फोन लावला. तुमी रडत रडत म्हणाले, "देऊन टाक, बाई." पण मशीनवर यांची छाती हलून राहिली होती, मला ते जिवंतच वाटले. मी डॉक्टरला सांगितलं, थोरले दीर न्हाई म्हणतात. थोरल्याचं नाव घेतलं की बाईला कोणी पुन्हा विचारत न्हाई.

काल हट्टा गावातल्या शिबिरात अवयवदानाचा पहिला फॉर्म तुमीच भरला. तेच डॉक्टर म्हणाले, "मग भावाच्या वेळी नकार का दिलात?"

तुमी माझ्याकडं बघितलं अन् म्हणाले, "तवा माझं चुकलं."

तुमची भावजय,
वैष्णवी