पोरनं पुस्तक

माय,

तुझ्या त्या भुताच्या पुस्तकांची सध्या फोनवर परीक्षा चालू आहे. हसू नकोस. त्या लेखकाच्या कादंबऱ्या लहानपणी वाचलेली माणसं एकमेकांना शोधत एकत्र आली आहेत. कोणी नागपूरचं, कोणी सांगलीचं, एक निवृत्त बँकवाले, एक औषधाचं दुकान चालवणारी बाई, आणि शाळेतल्या एका मैत्रिणीच्या ओळखीनं मीही. दर आठवड्याला एक कादंबरी पुन्हा वाचायची, तिच्यावर बोलायचं, आणि सगळ्या वाचून झाल्या की प्रत्येकानं आपापला क्रम लावून पाठवायचा. गेल्या आठवड्यात सगळ्यांचे क्रम मिळून यादी आली. पडक्या बंगल्याची कादंबरी पहिली, आरशाची दुसरी, आणि पार तळाशी, शेवटच्या नंबरावर, पोरनं पुस्तक. त्याचं छापलेलं नाव वेगळं आहे, पण आपल्या घरात ते कोणी कधी घेतलं नाही. तू 'पोरनं पुस्तक' म्हणायचीस, मुलीचं पुस्तक, म्हणून आम्हीही तेच म्हणायचो. बँकवाल्यांनी खाली लिहिलं होतं, "लेखकानं कंटाळून शेवट गुंडाळलेला आहे, भीती तर कुठेच वाटत नाही." त्यावर पंधरा-वीस जणांनी होकाराचे अंगठे टाकले. मी दुपारी जेवणाचं ताट समोर घेऊन ते वाचलं आणि ताट तसंच ठेवून उठले.

भडगावच्या वाचनालयातून मी ती पुस्तकं आणायचे, शाळा सुटल्यावर, गावाकडची एसटी यायच्या आधी. ग्रंथपाल चष्म्यावरून बघायचे. "ही पुस्तकं मुलींनी वाचायची नसतात." मी म्हणायचे, आईसाठी हवीत. त्यांना ते कधी खरं वाटलं नसावं. तू चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर अक्षर लावत, ओठ हलवत वाचणारी. एका पानाला तुला एवढा वेळ लागायचा की तेवढ्यात चुलीवरचं काहीतरी उतू जायचं. म्हणून वाचायची मी आणि ऐकायचीस तू. उन्हाळ्याच्या सुट्टीत, आबा शेतावर गेलेले, धाकटा भाऊ ओसरीवर झोपलेला, आणि आपण दोघी स्वयंपाकघरात. तू बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडते आहेस, टरफलं एका सुपात, दाणे दुसऱ्या, आणि मी भिंतीला टेकून वाचते आहे. मी दम घ्यायला थांबले की तू म्हणतेस, "मंग? पुढे काय व्हयनं?"

एकदा मी घाबरून पुस्तक मिटलं होतं. गोष्टीतला मेलेला माणूस मागच्या दारानं घरात शिरतो, असं काहीतरी होतं. मी म्हटलं, मला पुढे वाचवत नाही. तू एरवी क्वचितच रागवायचीस, पण त्या दिवशी शेंग हातातून टाकून मला म्हणालीस, "मरेल माणूस आपला घर येस, त्यामा भ्याव काय शे? आपलंच माणूस शे ना ते. उघड ते पुस्तक." मला वाटलं, तू मला धीट करायला बोलते आहेस. तेरा वर्षांची होते मी. माझ्याआधी तुला एक मुलगी होती, सात वर्षांची होऊन ती तापानं गेली, हे मला माहीत होतं. पण कोणीतरी दुसऱ्या गावची गोष्ट सांगावी तसं. मी तेव्हा दीड वर्षाची होते. घरात तिचं नाव कोणी काढायचं नाही. आबांसमोर तर नाहीच. तिची पाटी फळीवर होती. त्या पाटीवर मला तू कधी लिहू दिलं नाहीस, आणि का नाही, ते मीही कधी विचारलं नाही.

पोरनं पुस्तक त्याच उन्हाळ्यात आलं. एका बाईची लहान मुलगी विहिरीत पडून मरते, आणि मग रोज दिवेलागणीच्या वेळी उंबऱ्याबाहेर तिची चाहूल लागते. गाव घाबरतं. मुलीचे काका मांत्रिकाला घेऊन येतात. तू ते सगळं ऐकताना एकदाही 'मंग' म्हणाली नाहीस. चार दुपारी आपण ते वाचलं. चौथ्या दुपारी शेवटचं प्रकरण आलं, आणि माझे डोळे नेहमीप्रमाणे जिभेच्या पुढे दोन ओळी धावत होते. मांत्रिक उंबऱ्यात लोखंडी खिळे ठोकतो. ते खिळे त्याच्या हातात एकेक करून देते ती आईच. बाहेर मुलगी रडते, हाका मारते, मग आवाज लांब लांब जातो, आणि ती बाई उठून दाराला कडी घालते. तिथे पुस्तक संपतं.

मी मान वर करून तुझ्याकडे बघितलं. सुपात तुझे हात थांबलेले होते. तू माझ्याकडे बघत नव्हतीस, दाराकडे बघत होतीस. बाहेर ऊन एवढं होतं की दाराचा चौकोन पांढरा दिसत होता. माय, मी काही ठरवलं नव्हतं. माझ्या तोंडून निघालं की ती बाई मांत्रिकाचा हात धरते. तिथून पुढे पुस्तकात काय लिहिलंय ते मी वाचलंच नाही, मनानं सांगत गेले. तुला संशय येऊ नये म्हणून मधेमधे पान उलटत होते. मांत्रिकाला मी घालवून दिलं, काकांना गप्प केलं, आणि त्या मुलीला उंबरा ओलांडून घरात आणलं. तीन पानं मी अशी वाचली आणि पुस्तक मिटलं. चोरी केल्यासारखं वाटत होतं. तू पदर झटकून उठलीस, हात धुतलेस, आणि म्हणालीस, "भलतं चांगलं लिखेल शे."

पुढचे दोन उन्हाळे तू तेच पुस्तक आणायला सांगितलंस. बाकीच्या पुस्तकांना तुझे नंबर असायचे, कुठलं दुसरं, कुठलं पाचवं, आणि नवीन वाचलं की तू खालच्या-वरच्या जागा बदलायचीस. पण पहिला नंबर हलला नाही. मी म्हणायचे, अगं, बंगल्याचं जास्त भीतीदायक आहे. तू म्हणायचीस, "भ्यावाकरता कोन वाचस?" आणि शेवटचं प्रकरण आलं की मी पुन्हा तसंच, मनानं. एकदा मधेच तू म्हणालीस, "मांगला बखत तू आसं नव्हतं वाचेल." मी दचकले. म्हटलं, एक ओळ सुटली वाटतं, आणि पान मागे उलटून काहीतरी सावरून घेतलं. तू मान डोलावलीस. छापलेली ओळ दर वर्षी बदलत नसते, एवढं तुला कळत नसेल असं मी कसं धरून चालले?

मग मी जळगावला कॉलेजात गेले आणि शहाणी झाले. मराठी घेऊन बी.ए. करणाऱ्या मुलीच्या घरात काय वाचलं जातं, याची मला लाज वाटू लागली. वसतिगृहातल्या एका मैत्रिणीला मी सांगितलं होतं की माझी आई ग्रंथ वाचते. दिवाळीत घरी आले तेव्हा तू फराळाचे डबे काढता काढता विचारलंस, पोरनं पुस्तक आणलं का? मी म्हटलं, "काय गं माय, किती दिवस ते भुताखेतांचं! त्यात काही नसतं. ऐकायचंच तर चांगलं ऐक." तू डब्याचं झाकण लावत म्हणालीस, "बरं. तू म्हनशी ते." मी बक्षीस मिळालेल्या कादंबऱ्या आणल्या, दोन-तीनदा वाचूनही दाखवल्या. तू शहाण्या मुलासारखं ऐकलंस. 'मंग' म्हणाली नाहीस. दूध बघते म्हणून उठलीस ती परत आली नाहीस. पुढे माझं लग्न झालं, जळगावच्याच शाळेत लागले, आणि तुला वाचून दाखवायचं राहूनच गेलं. वाचनालयानं जीर्ण पुस्तकं काढून टाकली तेव्हा तू भावाला मुद्दाम भडगावला पाठवून ते एक पुस्तक घरी आणवलंस, हे मला कळलं होतं. मी हसले होते.

आबा गेल्यावर तू धुळ्याला भावाकडे राहायला गेलीस. तो तेव्हा नुकताच नरडाण्याच्या कारखान्यात लागला होता. तिथेच तू आजारी पडलीस. मी दोनदा येऊन गेले, दोन्ही वेळा संध्याकाळची बस पकडून परत. दहावीचे पेपर तपासायला आले होते, तुला माहीत आहे. शेवटचं बोलणं फोनवर झालं. तुझा आवाज बारीक झाला होता. तू म्हणालीस, "थोडंसं राहेल शे. तू उनी का वाचसूत." मी आले की वाचू, पण काय वाचू? मला वाटलं, तू ग्लानीत काहीतरी बोलते आहेस. मी म्हटलं, हो हो, रविवारी येते, पेपर संपतात माझे. तू शुक्रवारी गेलीस. या गोष्टीला एकवीस वर्षं झाली, आणि त्या बोलण्याचा अर्थ मी एकवीस वर्षांत एकदाही लावून पाहिला नाही.

यादी आली त्या रविवारी मी धुळ्याला गेले. ते पुस्तक अजून भावाकडे असेल तर बघावं, एवढंच मनात होतं. भाऊ कामावर होता. वहिनीनं कपाटाच्या वरच्या कप्प्यातून ते काढून दिलं. पाठीला खाकी कागद चिकटवलेला, पानं पिवळी. मी तिला हसत हसत यादीचं सांगितलं, की बघ, आईचा पहिला नंबर लोकांनी शेवटी टाकला. वहिनी हसली नाही. दोंडाईच्याची ती, तुझ्याशी अहिराणीत बोलायची, माझ्याशी मात्र शाळेतल्यासारखं बोलते.

"ताई, तुम्हाला मी कधी सांगितलं नाही," ती म्हणाली. "आईंनी शेवटच्या आठवड्यात हे माझ्याकडून वाचून घेतलं. मला कुठे तुमच्यासारखं वाचता येतं, पण ऐकायच्या. शेवटची तीन-चार पानं राहिली आणि त्यांनी हात वर केला. बस म्हणाल्या. मी म्हटलं, आई, थोडंच तर आहे, संपवून टाकू."

"मग?"

"मग म्हणाल्या," वहिनीनं तुझा आवाज काढला, माय, आणि तिला तो हुबेहूब येतो. "'आठून पुढे जे लिखेल शे ते खोटं शे. खरं मनी पोरले येस. ती रविवारले ई राह्यनी.' इथून पुढचं खोटं, खरं म्हणे तुम्हालाच येतं, आणि तुम्ही रविवारी येणार. मी म्हटलं, असेल काही. तुमची वाट बघत होत्या, एवढं मला कळलं. तुम्हाला आधीच एवढं लागलं होतं, म्हणून नाही बोलले."

तिनं चहा ठेवला होता. मी तो प्यायले की नाही, ते आठवत नाही. येताना बसमध्ये पुस्तक मांडीवर होतं आणि पारोळा येईपर्यंत मी ते उघडलं नाही. मग उघडलं आणि शेवटची पानं वाचली, खिळ्यांची आणि कडीची. ही पानं तू कधीतरी एकटीनं वाचली असणार. ओठ हलवत, अक्षर लावत. त्या बाईनं एकेक खिळा हातात दिला, तेही तू वाचलं असणार. कधी वाचलंस? मी पहिल्यांदा वाचून दाखवलं त्याच उन्हाळ्यात, मी घरात नसताना? की पुस्तक घरी आणल्यावर? वाचून झाल्यावर काय केलंस? मला कधी का नाही म्हणालीस? मी खोटं वाचते आहे हे माहीत असून तू समोर शेंगा फोडत बसायचीस, आणि मी पान उलटायचं नाटक करायचे तेव्हा माझ्याकडे न बघता दाराकडे बघायचीस. मी समजत होते, मी तुला सांभाळते आहे.

घरी आल्यावर मी फोनवरच्या त्या लोकांना माझा क्रम बदलून पाठवला. पोरनं पुस्तक पहिलं. लगेच विचारणा झाली, ताई, चुकून उलटी यादी पाठवलीत का? बँकवाले म्हणाले, शेवटाबद्दल आपलं मत ऐकायला आवडेल. मी लिहिलं, आमच्याकडच्या प्रतीत शेवट वेगळा आहे. लोक चमकले. जुनी आवृत्ती असेल, कुठल्या सालची, फोटो पाठवा, निदान लिहून तरी पाठवा, अशी रीघ लागली. मी कबूल केलं, लिहून पाठवते. चार दिवस झाले, दुपारी शाळेतून आले की वही घेऊन बसते. ती बाई मांत्रिकाचा हात धरते, इथपर्यंत येते. पुढे लिहिते ते पंचावन्न वर्षांच्या मास्तरणीनं लिहिलेलं वाटतं. शुद्ध, नीटनेटकं. ते फाडते. वहिनीला फोन करून विचारलं, आई कधी काही बोलल्या होत्या का, त्या मुलीचं पुढे काय होतं ते? ती म्हणाली, नाही ताई, ते तुम्हालाच माहीत, असंच म्हणायच्या.

म्हणून आज वहीत तुला लिहायला बसले. तू माझ्यावर भरवसा ठेवून शेवटची पानं बाजूला सारलीस, आणि मी तुला एवढीही खात्री देऊ शकत नाही की रविवारी वेळेवर पोचले असते तर मला ते वाचता आलं असतं. माय, मला ते येत नाही. ती पोर घरात आली एवढं पक्कं आठवतं. पण आल्यावर ती काय बोलली, कुठे बसली, तिच्या आईनं तिला काय म्हटलं, यातला एक शब्दही माझ्याजवळ उरलेला नाही.