थॅडला सांगायचा झेल

ता. ११ डिसेंबर, गुरुवार

प्रिय थॅड,

तू, आई आणि घरचे सगळे ठीक असाल असं धरून चालतो. आम्ही दोघं बरे आहोत. लट्रीसला खोकला झाला होता, तो गेला. इथं सकाळपासून बर्फ पडतोय. शेजारचे म्हातारे गृहस्थ आज माझ्याही दारासमोरचा बर्फ फावड्याने काढून गेले, कारण त्यांनी मला टीव्हीवर फुटबॉल खेळताना पाहिलंय. आपल्याकडे उसाचे फड पेटवायला सुरुवात झाली असेल. आईला म्हणावं, धुणं घरातच वाळत घाल. दर डिसेंबरला तिच्या पांढऱ्या चादरींवर काजळी पडते आणि दर डिसेंबरला ती कारखानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करते, तोही चर्चला जायच्या कपड्यांत.

तुझे निरोप सगळे मिळाले. फोनवर तसेच ठेवलेत, एकही पुसला नाही. पहिल्यात तू नुसता ओरडतोयस आणि मागे आई देवाचे आभार मानतेय. दुसऱ्यात म्हणतोस, 'काय हो साहेब, एक झेल घेतला तर भावाचा फोन उचलणं जड जायला लागलं का?' मग मिस्टर ओब्रींनी सलूनमध्ये आरशाच्या वर माझा फोटो लावला ही बातमी, आणि 'फोटो लावल्यापासून म्हातारा गिऱ्हाइकाकडे बघतच नाही, परवा माझा अर्धा कान कापला असता.' हे ऐकून मी खूप हसलो. शेवटच्या निरोपात मात्र तू हसत नाहीस. त्याच्यावर येतोच आहे, पण जरा दमाने घे.

पत्र कशाला, असं तुला वाटेल. आपल्या घरात पत्रं येतात ती कोर्टाची नाहीतर वीज कंपनीची. सध्या फोनला सवड होत नाही असं समज.

खरं म्हणजे सवडच सवड आहे. घरी बसून जुन्या गोष्टी आठवतात, आणि फार स्वच्छ आठवतात. ड्राफ्टचे ते तीन दिवस घे. सगळे क्लब एकेक करून देशभरातल्या पोरांची नावं पुकारत होते आणि आपल्या बैठकीत निम्मं गाव तळलेले मासे खात बसलं होतं. आईने केक आणला होता, त्यावर 'अभिनंदन केंड्रेल' आणि खाली क्लबचं नाव घालायला रिकामी जागा. नावं संपली. माझं आलंच नाही. कुणी कुणाकडे बघेना. तेव्हा तू सुरी उचललीस आणि म्हणालास, 'रिकामी जागा माझी, तिथं क्रीम जास्त आहे.' त्या संध्याकाळी एका क्लबचा फोन आला, 'सरावाला येऊन तर बघ' म्हणाले. दारात आलेल्या पाहुण्याला 'आलाच आहेस तर जेवून जा' म्हणतात, त्याच सुरात. मी गेलो.

तेव्हापासून पाच क्लब झाले. ऑगस्ट सरत आला की सकाळी दारावर टकटक होते आणि एक माणूस खाली मान घालून म्हणतो, 'कोच बोलावतायत, टॅबलेट बरोबर घे.' क्लबच्या सगळ्या चाली त्या टॅबलेटमध्ये असतात, म्हणून तो परत मागितला की पोराने सामान बांधायला घ्यायचं. मग दुसरा एखादा क्लब सरावाच्या तुकडीत ठेवून घेतो. तिथलं काम असं, की येत्या रविवारी ज्यांच्याशी सामना आहे त्यांच्या नामांकित रिसीव्हरचा, म्हणजे लांबून फेकलेला बॉल पळत जाऊन हातांत झेलणाऱ्याचा, नंबर अंगावर चढवायचा आणि आठवडाभर त्याच्यासारखं पळायचं, म्हणजे आपल्या बचावातल्या पोरांना सवय होते. मी देशातल्या झाडून सगळ्या मोठ्या रिसीव्हरांसारखा पळालोय. रविवारी ते टीव्हीवर पळतात आणि मी घरी बसून त्यांच्या चुका काढतो. लट्रीस म्हणते, 'तू म्हणजे नवरदेवाआधी घोड्यावर बसवून बघतात तो माणूस.'

आणि मग नोव्हेंबरात आमचे दोन रिसीव्हर एकाच सामन्यात जायबंदी झाले. कोच जेवणाच्या रांगेत माझ्या मागे उभे होते. म्हणाले, 'रविवारी तू खेळतोयस,' आणि ताटात बटाटे वाढून घेऊन निघून गेले. मी तिथूनच तुला फोन केला. तू ट्रक रस्त्याच्या कडेला घेतलास, मागच्यांनी हॉर्न वाजवले. मग म्हणालास, 'झेल मिळाला तर मला सांगायचा. बाहेरून काय दिसतं ते सगळं गाव बघेल. हातात आल्यावर कसं वाटतं ते मला सांग.'

तू असं का म्हणालास ते मला कळतं, थॅड. कारखान्याची पाळी संपली की तू मला कालव्याच्या बांधावर न्यायचास आणि अंधार पडेपर्यंत बॉल टाकायचास, अंगाला मळीचा वास येत असायचा. तुझा हात माझ्यापेक्षा चांगला होता. शाळेतले कोच अजून मान्य करतात. बाबा गेले तेव्हा उसाचा ट्रक तुझ्या वाट्याला आला आणि खेळ माझ्या. तू एकदाही ते बोलून दाखवलं नाहीस. म्हणून मला वाटायचं, एक तरी झेल तुला आणून द्यावा, सगळाच्या सगळा.

वर तारीख गुरुवारची आहे. आज शनिवार. लट्रीस दोनदा विचारून गेली, 'लिहिलंस का ते?' आता लिहितो.

शेवटच्या निरोपात तू म्हणतोस, 'आईला तू काय सांगितलंस ते ऐकलं. बॉल उजवीकडून आला, दोघं अंगावर आले, पाठीवरचा नंबर लखलखीत दिसत होता. केंड्रेल, स्वतःच्या पाठीवरचा नंबर कुणाला दिसतो रे? हे तर टीव्हीवरचं झालं. आईला चालेल, मला चालणार नाही.' 

माझ्याकडे टीव्हीवरचंच आहे, थॅड. मला तो झेल आठवत नाही.

सकाळी हॉटेलात अंडी खाल्ली ते आठवतं. राष्ट्रगीत म्हणणाऱ्या बाईचा हिरवा कोट आठवतो. त्यानंतर एकदम मी लट्रीसच्या गाडीत आहे, ती गात गात गाडी चालवतेय आणि मी विचारतोय, 'कोण जिंकलं?' तिला वाटलं मी थट्टा करतोय. तिने माझ्या गालाचा मुका घेतला. मधलं काही नाही. व्हिडिओत पाहिलं तर तो मुलगा दोघांच्या मधून वर उसळतो, दोन्ही हातांत बॉल घेतो, खाली येताना त्याचं डोकं जमिनीवर आदळतं, तो उठतो आणि बॉल पंचाच्या हातात देतो. चांगला झेल आहे. मला त्या मुलाचा हेवा वाटतो.

डॉक्टर काय करत होते, असं विचारशील. त्यांना बोल लावू नकोस. मोसमाच्या आधी आमच्या डोक्याची परीक्षा होते. कॉम्प्युटरवर शब्द दाखवतात, आकृत्या दाखवतात, थोड्या वेळाने विचारतात. ते गुण जपून ठेवतात. पुढे कधी डोक्याला मार लागला की तीच परीक्षा परत घेतात आणि गुण घसरले असले तर बसवून ठेवतात. ज्याचं नाव ड्राफ्टमध्ये पुकारलं गेलं त्याला बसवून ठेवणं परवडतं. आमच्यासारखा बसला की त्याच्या खुर्चीवर दुसरा. म्हणून आमच्यातली पोरं पहिल्या परीक्षेत मुद्दाम चुकतात. मला पहिल्याच वर्षी खोलीतल्या जुन्या खेळाडूने शिकवलं होतं, 'आधी ढ हो, मग जन्मभर पास.' मी दरवर्षी ढ झालो. त्रिकोण दिसला की चौकोन म्हणायचो आणि बाहेर येऊन हसायचो.

ऑक्टोबरात सरावात डोकं आपटलं होतं. तुम्हाला मानेत लचक म्हणून सांगितलं होतं ते हेच. परीक्षा घेतली, पास. त्या झेलानंतर घेतली, पुन्हा पास. डॉक्टरांनी पाठ थोपटली, 'आहेस तसाच आहेस.' मी डोकं ठिकाणावर नसताना जेवढा ढ होतो तेवढाच उन्हाळ्यात मुद्दाम झालो होतो, तर त्यांना फरक दिसणार कुठून. मी स्वतःच तो पुसून ठेवला होता. पुढचे दोन सामनेही खेळलो. तेही टीव्हीवर पाहिले असशील. माझ्याकडे बॉल आला नाही.

मग एका दुपारी दूध आणायला गेलो. लट्रीसचा फोन आला, कुठं आहेस. म्हटलं, कोपऱ्यावरच्या दुकानात, त्या निळ्या चर्चसमोर. ती म्हणाली, 'केंड्रेल, निळं चर्च इथं नाही.' ते दोन क्लब आधीच्या गावातलं होतं. मी गाडीत बसून होतो आणि मला घरचा रस्ता माहीत नव्हता. ती टॅक्सीने आली, मला शेजारच्या सीटवर सरकवलं आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडली. मी तिला विचारलं, दूध घ्यायचं राहिलं का. आता लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे जाऊन त्रिकोण-चौकोनाचं सगळं सांगितलं. त्यांनी माझे जुने गुण पुन्हा काढून पाहिले. मग दुसऱ्या मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं, तिथं तपासण्या झाल्या. खेळ संपला, थॅड. दर ऑगस्टसारखा नाही, कायमचा. डोकं काही अंशी सुधारेल म्हणतात, किती ते त्यांनाही माहीत नाही. लॉकर मी रिकामा केला. त्या वेळी कुणी टॅबलेट मागायला आलं नाही, मीच नेऊन दिला.

फोन करत नाही त्याचं कारणही हेच. बोलताना शब्द हरवतात. 'चमचा' आठवायला हात हलवावा लागतो. तुला ते पहिल्याच वाक्यात कळलं असतं. कागदावर शब्द अडला की पेन ठेवतो, खिडकीपर्यंत जाऊन येतो, सापडला की लिहितो. म्हणून या पत्रात मी तुला बरा वाटत असेन.

आम्ही वीस तारखेला बसने येतोय. थांब्यावर तू स्वतः ये. मिस्टर ओब्रींकडे जावंच लागेल, फोटो लावलाय त्यांनी. लोक विचारतील. तेव्हा तू शेजारी बस आणि तूच सांगायला लाग. त्यांना वाटेल, भाऊच जास्त फुशारलाय. मी हसत राहीन. आईला इतक्यात काही कळू देऊ नकोस. मीच सांगेन, तू जवळ असलास की.

त्याआधी एक काम कर. तुला झेल आणून द्यायचा होता आणि आता तुझ्याकडेच मागतोय, हे मला कळतं. तो कसा होता ते मला लिहून पाठव. व्हिडिओतलं नको, ते मला पाठ आहे. तुमच्या बैठकीतलं लिही. तू उभा राहिलास की बसलेलाच होतास, आईने कुणाचा हात धरला, तू काय म्हणून ओरडलास. तुझा तो पहिला निरोप मी रोज सकाळी ऐकतो. शब्द एक कळत नाही, पण घरात कुणाला तरी फार आनंद झालाय एवढं कळतं. त्यातला थोडा माझ्या वाटणीचा होता, तो मला पोचला नाही. तेवढा पाठव.

तुझा धाकटा भाऊ,
ज्याने तो झेल घेतला म्हणतात, तो
केंड्रेल